झांझिबारचा सागरतीरीय संगीतोत्सव : अनेक गायनप्रकार आणि एक रंगमंच

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचे झांझिबार बेट मराठी वाचकास ठाऊक असते ते मुख्यतः लवंगेमुळे. संगीताच्या अभ्यासकाने मात्र त्याच्याकडे निराळ्या कारणाने पाहावयास हवे. अरबस्तान, मिसर, हिंदुस्थान आणि आफ्रिकेचा अंतर्भाग या चारही दिशांकडून आलेले सूर इतक्या लहान भूमीवर एकत्र नांदत असल्याची उदाहरणे फार नाहीत. २००४ पासून या बेटावरील जुन्या नगरात, म्हणजे स्टोन टाउनमध्ये, बहुधा फेब्रुवारी महिन्यात ‘साउती झा बुसारा’ नावाचा संगीतोत्सव भरत आला आहे. या स्वाहिली नावाचा अर्थ ‘शहाणपणाचे स्वर’ असा होतो. त्यातील ‘साउती’ आणि ‘बुसारा’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी आहेत, आणि उत्सवाच्या नावातच त्या प्रदेशाचा इतिहास उमटला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

उत्सवाचे मुख्य स्थान म्हणजे जुना किल्ला. सतराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांची सत्ता उखडल्यानंतर ओमानी अरबांनी तो बांधला. त्याच्या तटबंदीच्या आतील मोकळ्या जागेत रंगमंच उभारला जातो. किल्ल्यासमोर फोरोधानीची बाग आणि बागेपलीकडे लगेच समुद्र. फेब्रुवारीत तेथे ईशान्येकडून ‘कास्काझी’ नावाचा मोसमी वारा वाहत असतो. याच वाऱ्याच्या आधाराने अरबस्तानची आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील शिडाची जहाजे शतकानुशतके झांझिबारला येत आणि वारा फिरला की परतत. उत्सवाची तिथी आज वाऱ्याकडे पाहून ठरविली जात नाही हे उघडच आहे; तथापि त्या रंगमंचावर जे ऐकू येते त्याचा बराचसा भाग याच वाऱ्याबरोबर आलेला आहे.

एका उत्सवात किती विविध पथके आली याची गणती करणे सोपे आहे, पण तेवढ्याने विशेष काही हाती लागत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. झांझिबारमधील प्रत्येक गायनप्रकाराला पूर्वापार स्वतःचा श्रोतृवर्ग होता, स्वतःची वेळ होती, आणि कोणी ऐकावे व कोणी ऐकू नये याविषयीचे निर्बंधही होते. हे सर्व प्रकार एकाच व्यासपीठावर, एकाच तिकिटात, ओळीने सादर होऊ लागले म्हणजे त्यांच्यातील काय टिकते आणि काय गळून पडते? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकाराच्या बाबतीत वेगवेगळे मिळते, आणि म्हणूनच त्यांचा वेगवेगळा विचार करणे प्राप्त होते.

प्रथम ताराब. हा झांझिबारचा सर्वांत प्रतिष्ठित गायनप्रकार होय. ‘तरब’ या अरबी शब्दाचा अर्थ संगीताने चित्ताला येणारी विव्हल तल्लीनता असा आहे. परंपरा सांगते की, सुलतान बर्गश याने (राज्यकाल १८७० ते १८८८) मोहमद इब्राहिम नावाच्या एका तरुणास वाद्य शिकण्यासाठी कैरोस पाठविले, आणि तेथून परतल्यावर त्याने दरबारी वाद्यवृंद उभा केला. याच बर्गशने राज्यावर येण्यापूर्वी भावाविरुद्ध बंड केले होते आणि ते फसल्यामुळे त्याला काही काळ मुंबईत हद्दपारीत काढावा लागला होता, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९०५ मध्ये ‘इखवानी सफा’ नावाचे मंडळ स्थापन झाले व ताराब राजवाड्याबाहेर पडून नगरातील प्रतिष्ठितांच्या हाती आले. तरीही त्याची भाषा अरबीच राहिली, आणि गाणारे बहुशः पुरुषच राहिले.

हे चित्र पालटले ते एका स्त्रीमुळे. सिती बिंती साद हिचा जन्म १८८० च्या सुमारास फुंबा या खेड्यात गुलामांच्या वंशातील एका गरीब कुटुंबात झाला. मुळात तिचे नाव ‘म्तुम्वा’, म्हणजे ‘दासी’, असे होते. ‘सिती’, म्हणजे ‘बाईसाहेब’, हे नाव तिला पुढे नगरात मिळाले. झांझिबारमध्ये गुलामगिरी कायद्याने रद्द झाली १८९७ मध्ये. त्यानंतर खेड्यापाड्यांतून नगरात आलेल्या हजारो माणसांपैकी ती एक होती. मडकी विकताना दिलेल्या आरोळीतून तिचा आवाज लोकांच्या कानी पडला, असे तिच्याविषयी सांगतात. तिने ताराब स्वाहिलीत गाइले. १९२८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने सितीला आणि तिच्या साथीदारांना ध्वनिमुद्रणासाठी मुंबईस बोलाविले. स्वाहिली गायनाच्या व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ त्या मुंबईतील तबकड्यांपासून धरला जातो, आणि त्यांना मिळालेल्या यशानंतर इतर कंपन्यांचेही लक्ष पूर्व आफ्रिकेकडे वळले. मुंबईतील ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात हिंदुस्थानी संगीताचा विचार भरपूर झाला आहे. समुद्रापलीकडून येऊन येथे आपला आवाज मेणावर उमटवून गेलेल्या या गायिकेची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली, हे खेदाने नमूद करावे लागते. तिच्या निधनानंतर (१९५०) थोर स्वाहिली लेखक शाबान रॉबर्ट यांनी तिचे चरित्र लिहिले, आणि अलीकडच्या काळात लॉरा फेअर यांच्या ‘पास्टाइम्स अँड पॉलिटिक्स’ (२००१) या ग्रंथात तिच्या गीतांचा सामाजिक अर्थ विस्ताराने उलगडला आहे.

त्या गीतांपैकी ‘किजिती’ हे एक येथे उदाहरणादाखल घ्यावयाचे आहे. एका स्त्रीचा खून झाला. खुनी बेटावरून निसटून गेला. आणि कायद्याचा बडगा बसला तो साक्ष देण्यास पुढे आलेल्या स्त्रियांवर. घटना खरी होती आणि ऐकणाऱ्यांना ती माहीत होती. न्यायालयावर उघड टीका करणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या मनातील गोष्ट हे गीत बोलून दाखवीत असे. ताराब म्हणजे केवळ प्रेमविषयक रंजन, ही समजूत अशा गीतांपुढे टिकत नाही.

वाद्यांकडे पाहिले तर झांझिबारच्या ताराबवर मिसरची छाप स्पष्ट दिसते. उद, कानून (यास तेथे ‘गानुनी’ म्हणतात), व्हायोलिने, अकॉर्डियन, बासरीच्या जातीची नय, दुंबाक व डफाच्या जातीचे रिका ही वाद्ये, आणि पाठीमागे डबल बास. मिसरी चित्रपटांतील मोठ्या वाद्यवृंदांच्या अनुकरणाने विसाव्या शतकाच्या मध्यास या मंडळांचा आकारही वाढला. १९५८ मध्ये आरंभ झालेले ‘कल्चर म्युझिकल क्लब’ हे मंडळ या घडणीचे उत्तम उदाहरण असून उत्सवाच्या व्यासपीठावर ते वारंवार आले आहे. आरंभी ‘बशराफ’ नावाची केवळ वाद्यांची रचना होते आणि मग गीत. गीताची कडवी आखीव असतात. ओळ मध्यभागी दुभंगते, आणि यमक ओळीच्या मध्यावर तसेच अंती साधलेले असते.

येथे किनाऱ्यावरील दुसऱ्या शाखेचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तिचा संबंध थेट आपल्याशी पोहोचतो. केनियातील मोंबासा येथील ताराबने मिसरपेक्षा हिंदुस्थानकडे अधिक पाहिले. तेथे पेटी व तबला तर आलेच, पण हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर स्वाहिली शब्द बसविण्याची एक स्वतंत्र प्रथाच पडली. जुमा भालो (निधन २०१४) हे त्या प्रथेचे सर्वांत लोकप्रिय गायक. मोंबासाच्या ताराबमधील ‘ताशकोता’ हे वाद्य पाहिले की मराठी माणसास ओळख पटल्यावाचून राहणार नाही. १९१२ मध्ये जपानातील नागोया येथे बनलेले ‘ताइशोगोतो’ हे वाद्य हिंदुस्थानात बुलबुलतरंग म्हणून रुळले. तेच पुढे विजेची जोड मिळून आपल्याकडील गणपतीच्या मिरवणुकीत ‘बेंजो’ या नावाने वाजू लागले, आणि तेच मोंबासाच्या लग्नमांडवात ताशकोता झाले. एका वाद्याचा हा प्रवास स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

ताराब हे मुळात लग्नसमारंभाचे आणि मंडळाच्या बैठकीचे संगीत. त्यातील श्रोता स्वस्थ बसून ऐकत नाही. एखादे कडवे मनाला भिडले की श्रोत्यांतील स्त्री उठते, तालावर डौलाने चालत गायिकेपाशी जाते आणि तिच्या हाती नोटा ठेवते. या कृतीस ‘कुतुंझा’ म्हणतात. हे केवळ बक्षीस नव्हे. कोणत्या ओळीला कोण उठली, आणि उठताना तिची नजर कोणाकडे होती, यावरून जमलेल्यांना शेजारणींतील भांडण, सवतीमत्सर किंवा झालेला अपमान यांचा बरोबर अंदाज येतो. गीतकर्त्याने संदिग्ध ठेवलेला अर्थ अशा रीतीने श्रोताच पुरा करतो. किल्ल्यातील रंगमंचावर हीच गीते त्याच निगुतीने गाइली जातात. क्वचित एखादी स्थानिक स्त्री नोट घेऊन पुढेही येते. परंतु समोरील समुदायात दूरदेशीचे प्रवासी पुष्कळ असतात. त्यांना स्वाहिली येत नाही आणि कोणाचा कोणाशी वाद आहे हेही माहीत नसते. अशा वेळी सूर शाबूत राहतो, वाद्यवृंद शाबूत राहतो, पण गीताचा अर्धा अर्थ घरीच राहतो.

याच्या उलट बाजूस किदुंबाक आहे. किदुंबाक म्हणजे ताराबचे गरीब भावंड. मोठ्या मंडळाचे सामान ज्यांना परवडत नाही त्यांनी तीच गीते थोडक्या साधनांनी आणि द्रुत लयीत गावी, अशी त्याची घडण आहे. दोन लहान दुंबाक, एक व्हायोलिन, काठ्या, खुळखुळे आणि ‘सांदुकू’. सांदुकू म्हणजे अक्षरशः संदूक: चहाचे लाकडी खोके उपडे घालावयाचे, त्याला काठी आणि एक तार जोडावयाची, की डबल बासाचे काम भागले. शब्दही उघडे, कित्येकदा अश्लीलतेकडे झुकणारे, आणि नाच अपरिहार्य. विशेष हे की वादक पुष्कळदा तेच असतात. जो व्हायोलिनवादक संध्याकाळी पोशाख करून ताराबमंडळात बसतो, तोच दुसऱ्या दिवशी लग्नघरी किदुंबाकात वाजविताना आढळतो. स्टोन टाउनच्या पूर्वेस, पूर्वीच्या खाडीपलीकडे, ‘न्गांबो’, म्हणजे ‘पैलतीर’, नावाची वस्ती आहे. किदुंबाक तिकडचे. त्याला अरबी किल्ल्यात मानाचे स्थान मिळावे हा उत्सवाने घडविलेला एक खरा बदल आहे, आणि येथे गळून पडते त्यापेक्षा पदरात पडते ते अधिक असे म्हणावे लागेल. मिळालेला नाच किदुंबाकास पुरतो. भाषा न कळणाराही पाय हलवितोच.

सर्वांत अवघड प्रकरण उन्यागोचे आहे. उन्यागो हा संगीतप्रकार नव्हे. वयात आलेल्या मुलींना वैवाहिक जीवनाचे शिक्षण देणारा, केवळ स्त्रियांपुरता आणि आडोशाला होणारा तो विधी आहे. त्यातील ढोलवादन, गीते आणि नृत्य ही त्या शिक्षणाचीच साधने होत. हे वादन जगाच्या रंगमंचावर आणले फातुमा बिंती बराका यांनी. सारे जग त्यांना ‘बी किदूदे’ या नावाने ओळखते. त्यांच्या जन्माची निश्चित नोंद नाही. १७ एप्रिल २०१३ रोजी त्या वारल्या तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती असे अनेकांचे म्हणणे होते. त्या स्वतः विधीतील शिक्षिका होत्या, आणि सितीची गीते ऐकतच वाढल्या होत्या. २००५ मध्ये त्यांना ‘वोमेक्स’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कमरेला बांधलेला उंच म्सोंदो ढोल पायांमध्ये घेऊन उभ्याने वाजविणारी ही वृद्धा उत्सवाची जणू मुद्राच बनली होती.

त्यांच्या या कृतीविषयी बेटावर एकमत नव्हते. जे पुरुषांनी पाहावयाचे नाही ते परक्या पुरुषांपुढे वाजविणे हा मर्यादाभंग होय, असे एका पक्षाचे मत होते. दुसरा पक्ष म्हणे, विधी करणाऱ्या जाणत्या बायका कमी होत चालल्या असता ढोलाचे बोल तरी राहू द्यावेत. या वादात बाहेरच्या अभ्यासकाने न्यायाधीश होण्याचे कारण नाही. पण एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. रंगमंचावर आले ते उन्यागोचे ढोलवादन. उन्यागोचे शिक्षण आले नाही, आणि येऊही शकत नव्हते. बी किदूदे यांनी जे उघडे केले त्याहून अधिक झाकून ठेवले, असे त्यांच्या कार्यक्रमांची चित्रमुद्रणे पाहता वाटते. ढोल त्यांनी दिला. कोणत्या वेळी, कोणत्या मुलीला, काय सांगावयाचे हे दिले नाही. तेव्हा या ध्वनिमुद्रणांना ‘उन्यागोचे दस्तऐवज’ म्हणताना संशोधकाने सावध राहिलेले बरे.

मुख्यभूमीवरून आणि इतर देशांतून येणाऱ्या पथकांचा विस्तार येथे शक्य नाही. उत्सवाच्या आरंभी नगरातून मिरवणूक निघते, तीत ‘बेनी’ वाजते. युरोपीय लष्करी बँडची ही नक्कल शंभराहून अधिक वर्षांपूर्वी किनाऱ्यावर जन्मली. बिगुल, नगारा आणि गणवेश घेऊन राज्यकर्त्यांची थट्टा करणारा तो प्रकार आता लग्नाच्या वरातीत सुखाने नांदतो आहे. टांझानियाच्या मध्यभागातील गोगो लोकांचे संगीत तर सर्वस्वी भिन्न आहे. धातूच्या पट्ट्या अंगठ्यांनी छेडून वाजवावयाचे ‘इलिंबा’ आणि नैसर्गिक स्वयंभू स्वरांवर आधारलेला स्वरमेळ ही त्याची लक्षणे. हुक्वे झावोसे (निधन २००३) यांनी ते जगापुढे मांडले आणि त्यांचे पुत्र म्साफिरी यांनी ते या रंगमंचावर आणले. दार-ए-सलामच्या गोरगरिबांच्या वस्त्यांतील ‘म्चिरिकू’ हा प्रकार जुन्या स्वस्त कॅसिओ पेट्यांचा कर्कश आवाज कर्ण्यातून फोडून काढतो. नाजूक कानाच्या श्रोत्यास तो मानवणार नाही, पण सांदुकू ज्या बुद्धीने जन्मास आला त्याच बुद्धीची ती विजेवर चालणारी आवृत्ती आहे. याशिवाय पश्चिम व दक्षिण आफ्रिकेतून आणि हिंदी महासागरातील बेटांवरून मंडळी येतात.

या सर्वांना लागू असलेला एक नियम मात्र विचारात घेण्याजोगा आहे. वादन व गायन प्रत्यक्ष झाले पाहिजे. आधी मुद्रित केलेल्या साथीवर केवळ ओठ हलविणे किंवा गाणे येथे चालत नाही. वरवर पाहता हा नियम साधा दिसतो, पण पूर्व आफ्रिकेच्या परिस्थितीत तो एक ठाम भूमिका ठरतो. १९९० च्या दशकारंभी ‘ईस्ट आफ्रिकन मेलडी’सारख्या संघांनी विजेच्या पेटीवर आधारलेले नवे ताराब रूढ केले, त्याला ‘रुशा रोहो’ म्हणतात. त्यातील ‘मिपाशो’, म्हणजे उघड टोमणे मारणारी गीते, फार लोकप्रिय झाली. पुढे आलेले ‘बोंगो फ्लावा’ हे तरुणांचे संगीत तर बऱ्याच अंशी मुद्रित साथीवरच उभे आहे. तेव्हा या नियमाने गर्दीचा आवडता भाग एक तर बाहेर राहतो, किंवा त्या गायकांना वादक जमवून यावे लागते. वादकांना काम मिळावे हा नियमाचा हेतू स्तुत्य आहे. परंतु बेटावरील लग्नघरी आज जे प्रत्यक्ष वाजते त्याचे यथार्थ चित्र उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत सापडेल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे होईल. कार्यक्रमपत्रिका ही निवड आहे; ती जनगणना नव्हे.

ही निवड स्वस्तात होत नाही. देशवासीयांस परदेशी पाहुण्यांपेक्षा बऱ्याच कमी दरात प्रवेश दिला जातो, आणि तसा दिला नाही तर किल्ल्यात केवळ प्रवासीच बसलेले दिसतील. साहजिकच तिकिटांच्या उत्पन्नावर खर्च भागत नाही व बाहेरच्या देणग्यांवर अवलंबून राहावे लागते. २०१६ मध्ये पुरेसा निधी न जमल्यामुळे उत्सव भरलाच नाही. २०१७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. त्या एका वर्षी ताराबमंडळांचे गायन थांबले असे नाही, लग्नेही थांबली नाहीत. मात्र न्गांबोतील किदुंबाकवाला आणि दूर मालीहून आलेला वादक एकाच रात्री एकमेकांस ऐकतात, तो प्रसंग त्या वर्षी घडला नाही.

अशा भेटींना उत्सवाने ‘स्वाहिली एन्काउंटर्स’ या उपक्रमाद्वारे रीतसर रूपही दिले. बाहेरून आलेले काही कलावंत आणि स्थानिक वादक उत्सवापूर्वी काही दिवस एकत्र बसून रचना तयार करीत आणि ती रंगमंचावर सादर करीत. २००२ पासून बेटावर अध्यापन करणाऱ्या ‘धाव कंट्रीज म्युझिक अकॅडमी’ या संगीतविद्यालयात उद, कानून, व्हायोलिन यांचे शिक्षण मुलींनाही मिळते. तेथून शिकून निघालेल्यांच्या ‘सिती अँड द बँड’ या संचाने ताराबला नव्या वाद्यांची जोड दिली. या संचात एक तरुणी गाते आणि दुसरी व्हायोलिन वाजविते. इखवानी सफाच्या स्थापनेच्या वेळी, १९०५ मध्ये, ही कल्पनाही कोणी केली नसती.

तौलनिक अभ्यासास आरंभ करावयाचा झाल्यास ‘किजिती’ याच गीतापासून करणे सोयीचे ठरेल. मुंबईच्या तबकडीवर सितीचा आवाज आहे, आणि तबकडीच्या एका बाजूस मावणाऱ्या मोजक्या मिनिटांत गीत बसविण्याचे बंधन आहे. त्यानंतर अनेक दशकांनी बी किदूदे यांनी तेच गीत आपल्या खरखरीत, सैलावलेल्या पण पल्लेदार आवाजात गाइले, तेही न्यायालयातील मूळ प्रकरण ज्यांच्या आजीला आठवत असेल अशा माणसांपुढे आणि ज्यांना त्याचा गंधही नाही अशांपुढे. दोन्ही मुद्रणे उपलब्ध आहेत. कोणत्या कडव्यांना फाटा मिळाला, कोणती कडवी पुढेमागे झाली, आणि साक्षीदार स्त्रियांचा उल्लेख येतो त्या ठिकाणी लय कशी बदलते, हे कान देऊन तपासावयाचे काम शिल्लक आहे.